दातांमधल्या फटी आणि त्यावरचे उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दातांच्या फटीबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना आधी हवं असतं ते ‘फट कशाने बुजवायची’ याचं उत्तर. ते जरा लांबवा. फट किती रुंद आहे यापेक्षा ती कशामुळे पडली आणि कधीपासून आहे, यावर उपचार ठरतो. घाईत असाल तर निदान प्रश्न २ आणि ५ वाचूनच पुढे जा.

१. माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांत लहानपणापासून फट आहे. हा आजार आहे का? बुजवलीच पाहिजे का?

आजार नाही. फट पक्के दात आल्यापासून तेवढीच असेल, हिरड्यांतून रक्त येत नसेल, दात हलत नसतील आणि तुम्हाला ती खटकत नसेल, तर काहीही न करणं हा पूर्ण योग्य पर्याय आहे. उलट पुढच्या दातांतली रुंद फट साफ करायला सोपी असते. वर्षातून एकदा तपासणी पुरे. कोणी ‘पुढे त्रास होईल’ म्हणून भीती घातली, तर नेमका कोणता त्रास हे विचारा. फट वाढत असेल तर मात्र गोष्ट वेगळी; प्रश्न ५ पाहा.

२. फट मुळात पडते कशामुळे?

नेहमी आढळणारी कारणं अशी:

- जबडा मोठा आणि दात लहान. अशा वेळी एकच फट न राहता सगळेच दात विरळ दिसतात.
- पटाशीच्या मधल्या दातांशेजारचा दात खुंटीसारखा बारीक असणं किंवा जन्मतःच नसणं (प्रश्न १७).
- वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी पट्टी जाड असणं आणि ती दोन दातांच्या मधोमध खालपर्यंत उतरलेली असणं (प्रश्न १४).
- दोन पुढच्या दातांच्या मुळांमध्ये हाडात अडकलेला एखादा जादा दात. हा बाहेरून दिसत नाही, एक्स-रेतच सापडतो. तो तसाच ठेवून तारा लावल्या तर महिने जातात आणि फट हलत नाही.
- गिळताना जीभ दातांवर ढकलण्याची सवय, किंवा मोठेपणीपर्यंत राहिलेली अंगठा चोखण्याची सवय.
- हिरड्यांचा आजार, म्हणजे पायरिया. मोठ्यांमध्ये नव्याने पडलेल्या फटीचं हे पहिलं संशयित कारण.
- काढलेल्या दाढांची जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवणं. शेजारचे दात त्या जागेत कलतात, चावण्याचा सगळा भार पुढच्या दातांवर येतो आणि ते पुढे झुकत फाकतात.

एकाच माणसात यातली दोन-तीन कारणं एकत्र असू शकतात.

३. मुलगी आठ वर्षांची आहे. पुढचे दोन पक्के दात आले, पण मध्ये मोठी फट आहे. आत्ताच तारा लावू का?

बहुतेक वेळा नाही. साधारण सात ते अकरा या वयात पुढचे दात फाकलेले आणि थोडे बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. वर येणाऱ्या सुळ्यांचा दाब शेजारच्या दातांच्या मुळांवर पडत असल्यामुळे असं होतं. अकरा ते तेरा या वयात सुळे उतरले की दात जवळ येतात. फट २ मिमीच्या आत असेल तर ती आपोआप बुजण्याची शक्यता चांगली; त्याहून मोठी असेल तर पूर्ण बुजेलच असं नाही.

या वयात एक एक्स-रे मात्र काढून घ्या. एक पुढचा दात आला आणि सहा महिने झाले तरी जोडीचा आला नाही, किंवा दोन्ही वेडेवाकडे वळून आले, तर जादा दाताची शंका घ्यायला हवी. या टप्प्यात जोर लावून दात जवळ ओढले, तर शेजारच्या दाताचं मूळ उतरणाऱ्या सुळ्याच्या वाटेत येऊन झिजू शकतं. म्हणून ‘थांबा’ म्हणणारा दंतवैद्य काम टाळत नसतो.

४. चार वर्षांच्या मुलाच्या दुधाच्या दातांत फटी आहेत. काळजी करू का?

अजिबात नाही, ही चांगली खूण आहे. पुढचे पक्के दात दुधाच्या दातांपेक्षा रुंद असतात. त्यांना ही जागा लागते. दुधाचे दात घट्ट चिकटून असलेल्या मुलांत पुढे दाटी होण्याची शक्यता जास्त.

५. आधी फट नव्हती. चाळिशीनंतर पडली आणि हळूहळू वाढतेय. सिमेंट भरून घेऊ का?

आधी हिरड्यांची तपासणी, मग बाकी सगळं. मोठेपणी नव्याने पडलेली फट म्हणजे बहुधा दाताभोवतीचं हाड कमी झालेलं असतं. हाडाचा आधार गेला की जीभ, ओठ आणि चावण्याचा जोर दाताला ढकलू लागतात. पुढचे दात पंख्यासारखे पसरतात, एखादा लांब दिसू लागतो, ब्रशला रक्त लागतं, तोंडाला वास येतो. तंबाखू किंवा मशेरी लावणाऱ्यांना मात्र रक्त कमी येतं किंवा येतही नाही, आणि इथेच अनेक जण फसतात. तंबाखूमुळे हिरडीतला रक्तपुरवठा आक्रसतो, त्यामुळे आतून हाड झिजत असताना वरून हिरडी शांत दिसते.

दंतवैद्य खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये घालून खोली मोजतात. १ ते ३ मिमी ठीक. ४ किंवा अधिक असेल तर तिथे पोकळी तयार झाली आहे. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी मोजमाप होतं. नुसतं आरशातून बघून ‘हिरड्या छान आहेत’ म्हटलं तर ते पुरेसं नाही.

उपचारांचा क्रम ठरलेला आहे. आधी कीटण काढणं आणि हिरडीखालची मुळं खरवडून गुळगुळीत करणं. याला दोन ते चार बैठका लागतात. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजमाप. तरीही खोल पोकळ्या उरल्या तर हिरडी उघडून साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया. सूज पूर्ण उतरून हिरड्या काही महिने स्थिर राहिल्या की मग हलक्या जोराच्या तारा, आणि शेवटी दातांच्या मागे कायमची बारीक तार. फट नवी आणि लहान असेल तर कधी कधी नुसत्या हिरड्यांच्या उपचाराने दात मागे सरकतात.

हे सोडून थेट सिमेंट भरलं तर काय होतं? दात सरकायचा थांबलेला नसतो. भरलेल्या जागेच्या शेजारी नवी फट दिसू लागते, आणि रुंद केलेल्या दातांमधून सफाई अवघड झाल्याने हाड आणखी लवकर जातं.

६. स्केलिंग केलं आणि दातांमध्ये फटी पडल्या. डॉक्टरांनी दात घासून टाकले का?

नाही. स्केलिंगची सुई दाताचं इनॅमल कापत नाही. फट आधीपासून होती. ती कीटणाने भरलेली होती आणि सुजलेल्या हिरडीने झाकलेली होती. कीटण गेलं, सूज उतरली, खरी जागा दिसली. पहिले काही दिवस थंड-गरम लागतं, ते संवेदनशील दातांच्या पेस्टने दोन-तीन आठवड्यांत कमी होतं. स्केलिंगला घाबरून पुढची टाळणं हेच नुकसानीचं.

७. पहिल्या भेटीत काय तपासायला हवं?

हिरड्यांची खोली (प्रश्न ५), दात हलतात का, ओठाची पट्टी, जिभेची सवय, आणि दात मिटल्यावर खालचे दात वरच्यांच्या मागे कुठे टेकतात हे. पुढच्या दातांचा छोटा एक्स-रे हवाच. तारांचा विचार असेल तर पूर्ण जबड्याचा एक्स-रे (ओपीजी) आणि बाजूने काढलेला कवटीचा एक्स-रेही. शिवाय दातांचे माप किंवा स्कॅन. वरच्या आणि खालच्या दातांच्या रुंदीची बेरीज करून त्यांचं गुणोत्तर काढतात. वरचे दात प्रमाणात लहान निघाले, तर नुसत्या तारांनी फट बुजेल पण चावा बिघडेल. अशा वेळी तारांनी जागा वाटून घेऊन उरलेली जागा भरावी लागते, आणि हे सुरुवातीलाच कळलेलं बरं.

८. एका दिवसात फट बुजते असं ऐकलं. ते नेमकं काय करतात?

दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट (बोलीत ‘सिमेंट’) दोन्ही दातांच्या कडांना चिकटवून दात थोडे रुंद करतात. दोन दातांना तासभर ते दीड तास लागतो, बहुधा भुलीची सुई लागत नाही, आणि दात कापावा लागत नाही किंवा अगदी नाममात्र.

पायऱ्या अशा. दात स्वच्छ करून रंग आधीच निवडतात, कारण दात कोरडा पडला की पांढरट दिसतो आणि रंग चुकतो. फट मोजून निम्मी-निम्मी वाटतात. थुंकी लागू नये म्हणून रबराचा पातळ पडदा (रबर डॅम) किंवा हिरडीत बारीक दोरा. मग ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं जेल १५ ते ३० सेकंद, धुणं, बाँडिंगचा द्राव, त्यावर निळा प्रकाश. कॉम्पोझिटचे थर प्रत्येकी २ मिमीपेक्षा जाड नसावेत. जाड थर आतून कच्चा राहतो. एक दात पूर्ण आकारात आणून घासून झाला की मधे पारदर्शक पट्टी धरून दुसरा. शेवटी चकत्यांनी पॉलिश.

बिघडतं ते बहुतेक हिरडीच्या कडेला. तिथे कॉम्पोझिटची पायरी राहिली तर अन्न अडकतं, हिरडी लाल होते. खुर्चीतून उठण्याआधी फ्लॉस घालून दाखवायला सांगा. तो अडकून तुटला किंवा फाटला तर कड पुन्हा घासून घ्या, ‘सवय होईल’ हे उत्तर मान्य करू नका.

दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी, आणि मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. ब्लीचिंगनंतर लगेच चिकटवलेलं नीट धरत नाही. कॉम्पोझिट स्वतः ब्लीचने उजळत नाही. पहिले दोन दिवस हळदीचं, चहा-कॉफी, पान हे टाळा. साधारण पाच ते सात वर्षं टिकतं. कडा पिवळ्या पडल्या तर मध्ये एकदा पॉलिश पुरतं.

९. कॉम्पोझिटने किती मोठी फट बुजवता येते?

हिशोब सोपा आहे. वरचा मधला दात सरासरी साडेआठ मिमी रुंद आणि साडेदहा मिमी लांब असतो, म्हणजे रुंदी लांबीच्या सुमारे ८१ टक्के. ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास डोळ्याला बरं वाटतं. १ मिमीची फट दोघांत वाटली तर दात ९ मिमी होतो, ८६ टक्के, चालतं. २ मिमीला ९.५ मिमी, ९० टक्के. ही जवळपास मर्यादा. ३ मिमीला १० मिमी, ९५ टक्के. दात चौकोनी दिसतो, आणि फोटोत फटीपेक्षा तेच जास्त जाणवतं.

तुमचे दात मुळात अरुंद आणि लांब असतील तर मर्यादा थोडी पुढे जाते. मोठ्या फटीत मधल्या दातांची बाहेरची कड किंचित घासून शेजारच्या दोन दातांवरही भर घालता येते, म्हणजे रुंदी चार दातांत वाटली जाते. तरीही न जमल्यास तारा.

१०. व्हिनियर बसवू की कॉम्पोझिट? कॅप बसवली तर?

व्हिनियर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूवर चिकटवलेला सिरॅमिकचा पातळ पापुद्रा. त्यासाठी सहसा ०.३ ते ०.७ मिमी इनॅमल कमी करावं लागतं आणि ते परत येत नाही. दोन बैठका लागतात. रंग टिकतो, चहाचे डाग धरत नाही, नीट केलेलं दहा-पंधरा वर्षं जातं. पण तुकडा उडाला तर जागेवर दुरुस्ती कठीण, नवं करावं लागतं. फट आणि सोबत रंगाचा किंवा आकाराचाही दोष असेल तर व्हिनियरला अर्थ आहे. विशी-पंचविशीत, दात निरोगी असताना, केवळ दीड मिमीच्या फटीसाठी कॉम्पोझिटच बरं. ते पुढे काढता येतं.

रात्री दात खाणाऱ्यांनी व्हिनियर बसवल्यास रात्रीचं संरक्षक कव्हर वापरायलाच हवं.

कॅप या कामासाठी बसवू नका. तिच्यासाठी दात चहूबाजूंनी दीड ते दोन मिमी घासावा लागतो. रूट कॅनल झालेला किंवा आधीच खूप भरलेला दात असेल तरच तो विषय.

११. तारा लावल्या तर किती महिने लागतील?

फक्त मधली फट असेल आणि बाकी चावा नीट असेल तर चार ते आठ महिने. सगळे दात विरळ किंवा पुढे असतील तर एक ते दोन वर्षं. दात ओढण्यासाठी रबराची साखळी लावतात, ती तीन-चार आठवड्यांनी ढिली पडते म्हणून बदलावी लागते. महिन्याला साधारण १ मिमी हा दात सरकण्याचा वेग. भेट चुकली की तो महिना वाया.

दाताचं डोकं जवळ आलं म्हणजे काम संपलं असं नाही. मुळंही समांतर यावी लागतात, नाहीतर दात नुसता कलतो आणि तारा काढल्यावर परत उलटा कलतो. फट बुजलेली दिसत असताना ‘अजून तीन महिने’ ऐकायला मिळतं ते यासाठी. धातूच्या आणि सिरॅमिकच्या ब्रॅकेटमध्ये (तार धरणारे, दातावर चिकटवलेले तुकडे) कामाचा फरक नाही, दिसण्याचा आहे. सिरॅमिकभोवतीची रबरं मात्र हळदीने एका जेवणात पिवळी होतात.

१२. पारदर्शक अलाइनरने होईल का?

साध्या फटींसाठी अलाइनर (दातांवर चढवायचे काढता-घालता येणारे साचे) चांगलं काम करतात. दिवसाचे २० ते २२ तास घालावे लागतात. खाताना आणि पाण्याशिवाय काहीही पिताना काढायचे. एक संच एक ते दोन आठवडे, प्रत्येक संचात दात सुमारे पाव मिलिमीटर सरकतो. दात नुसता कलू नये म्हणून दातांवर कॉम्पोझिटचे छोटे उंचवटे चिकटवतात. ते टाळून दिलेल्या योजनेकडे जरा संशयाने बघा. दिवसातून चार वेळा चहा आणि प्रत्येक चहाला पाऊण तास गप्पा, असा दिनक्रम असेल तर तारा जास्त प्रामाणिक पर्याय ठरतील.

एक्स-रे आणि हिरड्यांची मोजणी न करता, घरी माप घेऊन पोस्टाने आलेले अलाइनर घालू नका. पायरिया असलेल्या दाताला जोर लावला तर तो सरकत नाही, सैल होतो.

१३. दोन दातांना रबर बँड गुंडाळून फट बुजवण्याचे व्हिडिओ आहेत. करून बघू का?

नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. दाताचं मूळ गाजरासारखं वर निमुळतं होत जातं, त्यामुळे रबर हिरडीखाली सरकत मुळाच्या टोकाकडे चढतं. ‘रबर पडलं वाटतं’ म्हणून माणूस दुसरं लावतो. आत गेलेलं रबर एक्स-रेत सहज दिसत नाही. ते दाताभोवतीचं हाड खात जातं आणि चांगले दोन दात हलून पडतात. आधीच केलं असेल आणि रबर सापडत नसेल, तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जा आणि रबराची गोष्ट स्पष्ट सांगा.

१४. ओठाची पट्टी कापायला सांगितली आहे. गरज आहे का, आणि आधी की नंतर?

वरचा ओठ पुढे आणि वर ओढून आरशात बघा. दोन दातांच्या मधली हिरडी पांढरी पडून हलत असेल, तर पट्टी खाली उतरलेली आहे. एक्स-रेत दोन दातांमधल्या हाडात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच दिसली तर शंका पक्की. यातलं काहीच नसेल तर पट्टी निर्दोष, तिला हात लावू नका.

कापायची असेल तर बहुधा तारांनी फट बुजवल्यावर किंवा बुजत आल्यावर. आधी कापली तर तिथे होणारा कडक व्रण दात जवळ येण्यात अडथळा करू शकतो. अपवाद: पट्टी इतकी जाड की फट बुजतच नाही, किंवा ओढली जाऊन दुखते. लहान मुलांत सुळे येईपर्यंत थांबा. जागेवर भूल देऊन ब्लेडने किंवा लेझरने करतात, वीस-तीस मिनिटांचं काम. टाके असतील तर आठवड्या-दहा दिवसांनी काढतात. नुसती पट्टी कापून मोठ्या माणसाची फट बुजत नाही.

१५. तारा काढल्यावर वर्षभरात फट परत आली. रिटेनर (दात नव्या जागेवर धरून ठेवणारं साधन) किती दिवस घालायचा?

मधली फट ही परत येण्यात पटाईत. हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागेशी जुळवून घ्यायला वर्षभर घेतात, आणि जिभेची सवय असेल तर ती रोज ढकलतच असते. म्हणून मधल्या फटीसाठी दातांच्या मागच्या बाजूला पिळाची बारीक तार कायमची चिकटवतात. कायमची म्हणजे खरोखर कायमची. सोबत रात्रीचा काढता-घालता रिटेनर असेल तर उत्तम.

ही तार एका दातावरून सुटली तर कळतही नाही, आणि दात मात्र सरकत जातो. सहा महिन्यांतून एकदा तपासून घ्या. जीभ लावल्यावर टोचलं किंवा तार हलली तर आठवड्याच्या आत पुन्हा चिकटवा. तारेखालून साफ करायला कडक टोकाचा सुपरफ्लॉस किंवा फटीत जाईल असा छोटा ब्रश वापरा. जिभेची सवय मोडली नाही तर कोणताच रिटेनर एकटा पुरा पडत नाही.

१६. फट बुजली, पण हिरडीजवळ काळा त्रिकोण राहिला. हे काय?

दोन दातांमधलं हिरडीचं टोक ती जागा भरत नाही, म्हणून तोंडाच्या आतला अंधार दिसतो. टोक भरेल की नाही हे दोन दात जिथे एकमेकांना टेकतात त्या बिंदूपासून खालच्या हाडापर्यंतच्या अंतरावर अवलंबून असतं. दंतसंशोधक टार्नो आणि सहकाऱ्यांच्या १९९२ च्या मोजमापात ५ मिमी किंवा कमी अंतर असताना जागा जवळजवळ नेहमी भरलेली होती, ६ मिमीला ५६ टक्के ठिकाणी, ७ मिमीला २७ टक्के ठिकाणी.

म्हणून उपाय हाच: टेकण्याचा बिंदू हिरडीकडे आणायचा. तारा चालू असतील तर दातांच्या टेकणाऱ्या कडा पाव-पाव मिमी घासून ते आणखी जवळ आणता येतात. तारा निघाल्या असतील तर त्या त्रिकोणात दोन्ही बाजूंनी थोडं कॉम्पोझिट. पायरियामुळे हाड गेलं असेल तर हिरडी ‘वाढवून’ त्रिकोण भरण्याची हमी कोणी देऊ नये.

१७. मुलाचा पुढच्या मधल्या दाताशेजारचा दात जन्मतःच नाही, म्हणून फट आहे. इम्प्लांट कधी?

दोन मार्ग आहेत. सुळा पुढे आणून जागा बंद करायची आणि सुळ्याला त्या दाताचा आकार द्यायचा; किंवा तारांनी साडेसहा-सात मिमी जागा तयार करून तिथे कृत्रिम दात बसवायचा. दाढांचा चावा, सुळ्याचा रंग आणि जाडी बघून ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरकवण्याचे तज्ज्ञ) ठरवतात.

इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, जबड्याची वाढ थांबल्यावरच. मुलींत साधारण सतरा-अठरानंतर, मुलांत वीस-एकविसानंतर, आणि तेही वयावरून न ठरवता काही महिन्यांच्या अंतराने काढलेल्या एक्स-रेत वाढ थांबलेली दिसल्यावर. लवकर बसवला तर शेजारचे दात वाढीबरोबर सरकतात, इम्प्लांट हाडाला जखडल्यामुळे तिथेच राहतो आणि आखूड दिसू लागतो. तोवर रिटेनरवर बसवलेला दात, किंवा शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला एका पंखाचा ब्रिज.

दात आहे पण खुंटीसारखा बारीक असेल तर आधी तारांनी त्याला दोन्ही बाजूंनी जागा द्या, मग कॉम्पोझिटने भर घाला. क्रम उलटा झाला तर आकार बेढब होतो.

१८. डॉक्टर म्हणतात, खालचे दात वरच्यांना मागून टेकतात, म्हणून फट लगेच बुजवता येणार नाही. खरं आहे?

खरं आहे, आणि हे सांगणारा दंतवैद्य बारकाईने बघणारा आहे. दात मिटल्यावर खालचे पटाशीचे दात वरच्यांच्या मागच्या बाजूला घट्ट टेकत असतील, तर वरचे दात मागे जाऊन जवळ यायला जागाच नसते. जोर लावला तर दात कलतात किंवा हलू लागतात; कॉम्पोझिट भरलं तर मागची कड महिन्याभरात उडते. आधी तारांनी चावा उघडावा लागतो, खालचे दात थोडे खाली दाबावे लागतात, मग फट. यासाठी सहा महिने जास्त धरा.

१९. दाढांमध्ये फट आहे, रोज अन्न अडकतं. काय करू?

अरुंद फट रुंद फटीपेक्षा जास्त त्रास देते. रुंद फटीतून अन्न निघून जातं, केसभर फटीत धागे घट्ट बसतात. नेहमीची कारणं: शेजारच्या दाताला न टेकणारं फिलिंग किंवा कॅप, दोन दाढांमधली कीड, किंवा समोरच्या दाढेचं टोकदार शिखर नेमकं त्या फटीत आपटणं. पहिल्या कारणात फिलिंग किंवा कॅप बदलणं हाच उपाय. नव्या फिलिंगनंतर फ्लॉस ‘टक्’ करून आत जायला हवा. सहज सरकला तर संपर्क राहिलेला नाही, तेव्हाच सांगा. दुरुस्ती होईपर्यंत मधल्या ब्रशने साफ करा. टाचणी, सेफ्टी पिन आणि काडी हिरडीचं टोक दाबून फट आणखी मोकळी करतात.

२०. वय ५५, मधुमेह आहे, हाडांसाठी औषध चालू आहे. तारा लावता येतील?

वयाची वरची मर्यादा नाही. हाड आणि हिरड्या स्थिर हव्यात. साखर काबूत नसेल तर पायरिया आवरत नाही, त्यामुळे एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७ च्या आसपास आणून मग सुरुवात करा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून अ‍ॅलेन्ड्रोनेटच्या गोळ्या किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाईन घेत असाल तर आधीच सांगा. या औषधांनी दात सरकण्याचा वेग मंदावतो, आणि दात काढल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. अशा वेळी कॉम्पोझिट सुरक्षित.

रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन, फिट्सची फेनिटॉइन आणि अवयवरोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन यांनी काहींच्या हिरड्या वाढून दात फाकतात. तिथे आधी हिरडी, आणि औषध बदलता येईल का हे मूळ डॉक्टरांना विचारून. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

२१. गरोदरपणात चालेल?

चालू असलेल्या तारा चालू ठेवा. नवीन, निव्वळ दिसण्यासाठीचं काम बाळंतपणानंतर. या काळात हिरड्या सुजतात, त्यामुळे कॉम्पोझिटची हिरडीजवळची कड नीट येत नाही. हिरड्यांची सफाई मात्र टाळू नका. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा.

२२. परदेशात असतो, तीन आठवडे पुण्यात येणार आहे. काय उरकेल?

कॉम्पोझिट निश्चित, पहिल्याच आठवड्यात करा, म्हणजे कड घासायला किंवा आकार बदलायला वेळ उरतो. व्हिनियर उरकतात, पण दोन बैठकांमध्ये आठ-दहा दिवस धरा. तारा नाहीत. अलाइनर सुरू करता येतील, मात्र तिथे बघणारा ऑर्थोडॉन्टिस्ट आधी पक्का करा. उंचवटा निघाला की तो पुण्याहून चिकटवता येत नाही.

२३. खर्च किती येतो? विमा मिळतो का?

शहर आणि दवाखान्यानुसार बराच फरक पडतो. ढोबळ मानाने कॉम्पोझिट दाताला दीड-दोन हजारांपासून पाच-सहा हजारांपर्यंत, धातूच्या तारा तीस ते साठ हजार, अलाइनर लाखाच्या आसपास आणि वर. आकड्यापेक्षा त्यात काय धरलंय ते विचारा: एक्स-रे, तुटलेलं ब्रॅकेट, रिटेनर, आणि पुढच्या वर्षभराच्या तपासण्या. रिटेनर बाहेर ठेवलेला स्वस्त आकडा शेवटी महाग पडतो. दिसण्यासाठीचे दंतोपचार आरोग्य विम्यात सहसा बसत नाहीत.

पैसे कमी आणि वेळ हाताशी असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय हे चांगले पर्याय. काम पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. प्रतीक्षा यादी असते आणि एका भेटीत अर्धा दिवस जातो.

२४. एक जण म्हणतो भरून टाका, दुसरा म्हणतो तारा लावा. कोणाचं ऐकू?

दोघांना तेच तीन प्रश्न विचारा. माझी फट कशामुळे आहे? बुजवल्यावर माझ्या दातांची रुंदी किती होईल? ती परत येऊ नये म्हणून काय करणार? पहिल्याचं उत्तर एक्स-रे आणि मोजमाप दाखवून मिळालं पाहिजे. भरणार असाल तर आधी न चिकटवता दातावर कॉम्पोझिट लावून आकार दाखवायला सांगा; पाच मिनिटांचं काम असतं आणि नखाने निघतं. तारांसाठी एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेला ऑर्थोडॉन्टिस्ट गाठा. हिरड्यांचा प्रश्न असेल तर आधी पेरिओडॉन्टिस्ट, म्हणजे हिरड्यांचे तज्ज्ञ.

२५. भरलेल्या कॉम्पोझिटचा कोपरा उडाला आणि परवा घरात लग्न आहे. आता?

तुकडा सापडला तरी घरच्या गोंदाने चिकटवू नका; दातावर राहिलेला गोंद खरवडताना चांगली कडही जाते. बहुतेक वेळा पूर्ण भरलेलं काढावं लागत नाही. उडालेल्या जागेचा पृष्ठभाग खरखरीत करून, पुन्हा बाँडिंग लावून अर्ध्या तासात कोपरा बांधता येतो. फोन करतानाच ‘पुढच्या दाताचं कॉम्पोझिट तुटलंय’ असं सांगा, म्हणजे तेवढा वेळ राखून ठेवतील; जमल्यास आधी कोणता रंग वापरला होता तेही जुन्या दवाखान्यातून विचारून घ्या. तोवर त्या दाताने काही तोडू नका. तोच कोपरा दुसऱ्यांदा उडाला असेल तर दोष चिकटवण्यात नसून चाव्यात आहे. लग्न झाल्यावर प्रश्न १८ मधली तपासणी करून घ्या.